मे महिन्यात गार कान: चोपडा तालुक्यातल्या एका सशाचं प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, सशाचं नाव बदललं आहे. मी जळगावात पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे कुत्री-मांजरी जास्त येतात, ससे थोडे. पण एप्रिल-मेमध्ये सशांचे फोन वाढतात आणि त्यातले बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात: "डॉक्टर, सशाला ऊन लागलंय." पारा 45 अंशांवर गेलेल्या खान्देशात हे वाक्य पुष्कळदा खरं असतं, म्हणूनच ते कुणी तपासून बघत नाही. या घरातही जवळपास दिवसभर तपासलं गेलं नाही.

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यातलं तापीच्या अंगाचं गाव, केळी आणि कापूस पिकवणारं घर. आजी-आजोबा, आई-वडील, दहावीत जाणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. त्यांच्या सशाचं नाव कपाशी: पांढरी, साडेतीन वर्षांची मादी. यात्रेतून आणलेली, वजन दोन किलोच्या थोडं वर, नसबंदी न झालेली, घरात एकटीच. मागच्या पडवीत जाळीचा मोठा पिंजरा आणि संध्याकाळी घरभर मोकळीक.

खाण्यात दुकानातून आणलेल्या सशाच्या खाद्याच्या गोळ्या, मेथी, कोथिंबीर, कोबीची पानं, ज्वारीचा कडबा आणि केळं. केळीवाल्यांच्या घरी ससा आहे आणि त्याला केळं मिळत नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. घडात न बसलेली, डाग पडलेली केळी अंगणात कायम पडलेली असतात आणि ससा ती मिटक्या मारत खातो. खातो आहे म्हणजे त्याला चालतं, असा हिशोब होतो.

तो हिशोब सशाच्या पोटाला लागू पडत नाही. सशाचं मुख्य अन्न सुकं किंवा हिरवं गवत. त्याच्या आहारात जवळपास 80 टक्के ते असावं लागतं, आणि त्याची कारणं दोन. पहिलं आतड्याचं. गवतातला भरड चोथा आतड्याला सतत ढकलत ठेवतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच जायला हवं. चोथा कमी आणि साखर जास्त झाली, की मोठ्या आतड्याच्या पिशवीतल्या जिवाणूंचं गणित बिघडतं, गॅस धरतो, चाल मंदावते. दुसरं कारण दातांचं. सशाचे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. ते झिजतात ते गवत आडवं-तिडवं चघळून. केळं चघळावं लागत नाही, गोळ्याही दोन चाव्यांत फुटतात. मग दाढांच्या कडांना टोकं येतात आणि ती जिभेला किंवा गालाला आतून बोचायला लागतात.

आधीचे तीन-चार आठवडे

नंतर घरच्यांशी सविस्तर बोलताना जे कळलं, ते इथे आधी मांडतो, कारण प्रकरण खरं तर तिथून सुरू होतं.

एप्रिलच्या शेवटी कपाशीने कडबा सोडला होता. तोंडात घ्यायची, दोन-तीनदा चघळायची आणि टाकून द्यायची. गोळ्या खायची, पण आधीपेक्षा सावकाश. केळं मात्र लगेच. आईचं म्हणणं, "लाडावली आहे, तिला आता चांगलंचुंगलं लागतं." हनुवटीखालचा केसांचा पट्टा ओलसर असायचा, पाणी पिताना भिजला असेल असं सगळ्यांना वाटलं. मागच्या बाजूला मऊ लेंड्या चिकटलेल्या दिसायच्या. मुलगी त्या पुसून काढायची.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक गोल, कोरड्या, ज्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या, ज्या तो तिथल्या तिथे तोंडाने उचलून खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात. या दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या अंगाला चिकटलेल्या राहिल्या, तर ससा त्या खात नाही किंवा त्याला खाता येत नाही असं समजायचं. लठ्ठपणा, पाठदुखी, अति गोड खाणं, किंवा तोंड दुखणं, यापैकी काहीतरी असतं.

कोरड्या लेंड्याही बारीक झाल्या होत्या. हे मुलीने पाहिलं होतं, कारण पिंजऱ्याचा ट्रे रोज तीच झाडायची. "आधी हरभऱ्याएवढ्या असायच्या, मग मटकीएवढ्या झाल्या," असं तिने मला सांगितलं. इतकं नेमकं वर्णन मोठ्या माणसांकडूनही क्वचित मिळतं. पण तिला तो आजार वाटला नाही, आणि ती घरात कुणाला बोलली असती तरी सशाच्या लेंडीच्या मापाकडे कुणी लक्ष दिलं असतं याची मला खात्री नाही.

तो दिवस

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टीसाठी आत्याची मुलं आली. आदल्या दिवशी पोरांनी कपाशीला केळं, केळ्याची साल, टरबुजाच्या फोडी आणि बिस्किटं खाऊ घातली. शेतातून आणलेला कडबा संपलेला होता, नवीन पेंढी यायची होती. ती तसाही खात नव्हती, म्हणून कुणाला घाई वाटली नाही.

सकाळी सातला गोळ्यांची वाटी भरलेलीच होती. ट्रेमध्ये चार-दोन बारीक लेंड्या, त्याही केसाने एकमेकींना जोडलेल्या. दहाच्या सुमारास ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाऊन बसली. अंग आखडून, पाठीला कुबड काढून, डोळे अर्धे मिटून. हाक मारली तर कान हलवायची, जागेवरून उठत नव्हती. आजी म्हणाल्या, "ऊन लागनं तिले." वडील शेतात गेलेले, आईला ते पटलं, कारण बाहेर खरंच उभं राहवत नव्हतं.

मग उन्हाचे सगळे उपाय झाले. ओलं गोणपाट अंगाखाली. कूलरचा झोत थेट अंगावर. बर्फाचे खडे फडक्यात बांधून पाठीवर. कैरीच्या पन्ह्याचे दोन-तीन चमचे तोंडात सोडले, ज्यात गूळ होताच. दुपारी एकच्या सुमारास तिने दात खाल्ले, करकर आवाज येईपर्यंत. ससा लाडात आला की हलकेच दात घासतो, हे मुलीला माहीत होतं. पण हा आवाज खोलीच्या दारात ऐकू येत होता. जोराने दात खाणं हे सशाच्या वेदनेचं जवळजवळ एकमेव ऐकू येणारं लक्षण. तो कुत्र्यासारखा विव्हळत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याने दुखणं दाखवलं की तो आधी मारला जातो, म्हणून ससा शेवटपर्यंत गप्प राहतो. त्याची लक्षणं 'काय करतो' यापेक्षा 'काय करायचं थांबला' यात शोधावी लागतात.

चारच्या सुमारास मुलीने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि कान हातात धरले. ते गार होते.

निर्णयाचा पहिला टप्पा: ऊन की पोट?

मुलीच्या डोक्यात इथे शंका आली आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा सांधा इथे बदलला. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांच्या रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकतो. ऊन लागलेल्या सशाचे कान तापलेले आणि लालसर असतात, श्वास उथळ आणि जलद, नाकाभोवती ओल, पुढे लाळ आणि तोल जाणं. अगदी वाईट अवस्थेत तो तोंड उघडून श्वास घेतो. ससा एरवी फक्त नाकाने श्वास घेतो, त्यामुळे उघडं तोंड दिसलं की एक मिनिटही दवडायचं नाही. कपाशीचं यातलं काहीच नव्हतं. श्वास होता, पण शांत. कान गार. पोट फुगल्यासारखं.

तिने आईला म्हटलं, "आई, हिला ऊन नाही लागलं, ही तर गार पडलीय." आईने आधी कूलर बंद केला, मग गावातल्या मेडिकलवर भावाला पाठवलं. दुकानदाराने पोट बिघडलं असेल म्हणून लहान मुलांना देतात ते अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं. चांगल्या हेतूने दिलं, पण सशाला ते तोंडावाटे देणं जीवघेणं ठरू शकतं. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविकं सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जिवाणू माजतात आणि दोन-चार दिवसांत ससा जुलाब होऊन जातो. बाटलीचं झाकण उघडायच्या आधी मुलीने माझ्या दवाखान्याचा नंबर शोधून फोन लावला. संध्याकाळचे सहा वाजत आले होते.

मी तिला विचारलं: शेवटचं कधी खाल्लं? आदल्या रात्री. शेवटची लेंडी कधी? पहाटे कधीतरी. पोटाला हात लावल्यावर कसं लागतं, घट्ट ढोलासारखं की मळलेल्या कणकेसारखं? ती म्हणाली, कणकेसारखं, पण दाबलं की ती दचकते. आणि घरात थर्मामीटर आहे का? आजोबांचा डिजिटल थर्मामीटर होता. गुदद्वारातून तापमान कसं घ्यायचं ते आईला फोनवर समजावलं: टोकाला खोबरेल तेल, ससा टॉवेलमध्ये गुंडाळलेला, मागचे पाय एका हाताने नीट आधारलेले. ससा जोराने लाथ मारतो आणि मागचा भाग मोकळा सुटला तर त्याचं स्वतःचंच मणकं मोडतं. हे आधी सांगावं लागतं. ज्यांचा हात थरथरतो त्यांना मी हे करायला सांगत नाही.

आकडा आला 37.3 सेल्सिअस. सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 असतं. ऊन लागलेल्या सशाचं 40.5 च्या वर जातं. 38 च्या खाली आलेला ससा म्हणजे शरीर हार मानायला लागलेलं. बाहेर 44 अंश असताना आमच्या समोरचं संकट थंडीचं होतं, आणि ते काही अंशी बर्फाने आणि कूलरने वाढवलेलं होतं.

समोर असलेले पर्याय

एव्हाना वडील शेतातून आले होते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे घरातली सगळी चर्चा मला ऐकू आली.

आजोबांचं मत सकाळपर्यंत थांबावं. रात्री गारवा होईल, जनावर आपोआप सावरेल. एक दिवस उपास घडला तर पोटाला आरामच. माणसाच्या आणि गुरांच्या अनुभवातून आलेलं हे मत सशाच्या बाबतीत पूर्ण उलट पडतं. 10-12 तास न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजतात. पोट रिकामं राहिलं की आतडं आणखी थंडावतं, अंगातली चरबी विरघळून यकृतात साठते आणि मग यकृतच बसतं. शस्त्रक्रियेच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत. कपाशीचे बारा तास आधीच उलटून गेले होते.

वडिलांनी 1962 वर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवायचा विचार मांडला. ती सोय मुख्यतः गुरांसाठी आहे आणि चांगली आहे. पण सशाला लागणारी बारीक सुई, रक्तातली साखर तपासणं, रात्रभर उब देणं हे एका भेटीत होणारं काम नव्हतं. ओळखीच्या पशुधन पर्यवेक्षकांनाही त्यांनी विचारलं. ते सरळ म्हणाले, "भाऊ, सशाचं मला जमत नाही. उगाच इंजेक्शन टोचण्यापेक्षा जळगावला न्या." असं उत्तर मिळणं ही अर्धी मदत असते.

तिसरा पर्याय घरीच उपचाराचा. ओव्याचं पाणी, एरंडेल, पोट चोळणं, सिरिंजने काहीतरी भरवणं. हा पर्याय लोकांना सगळ्यात जवळचा वाटतो आणि त्याला पूर्ण नाही म्हणता येत नाही, कारण आतडं मंदावलेल्या सशाला भरवणं हा उपचाराचाच भाग आहे. पण पोटात अडथळा असेल, म्हणजे केसांचा गोळा किंवा सुकं बी आतड्यात अडकलेलं असेल, तर भरवलेलं पुढे जायला जागाच नसते आणि ताणलेलं पोट फुटू शकतं. दोन्हींत ससा खाणं सोडतो, दोन्हींत कुबड काढून बसतो. फरक कळण्याआधी भरवायचं नाही. शिवाय 37.3 तापमानाच्या सशाचं आतडं काही पचवायच्या अवस्थेतच नसतं. पन्ह्याचे चमचे त्या दुपारी श्वासनलिकेत गेले नाहीत, हे नशीब.

उरला रात्री जळगावला येण्याचा पर्याय. दीड तासाचा रस्ता, प्रवासाचा ताण आणि खर्च. वडील थोडं थांबले आणि म्हणाले, "सशासाठी एवढं करायचं का, असं गावात विचारतील." कुणी त्याला उत्तर दिलं नाही. मुलीने केळीच्या क्रेटमध्ये टॉवेल अंथरायला सुरुवात केली होती.

रस्त्यातली तयारी

निघण्याआधी मी तीन सूचना दिल्या. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे तिला हवं तर जवळ जाता येईल आणि नको तर दूर. गाडीचा एसी चालू ठेवला तरी झोत क्रेटवर नको. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सकाळच्या त्या चार-दोन लेंड्या घेऊन या. शेवटची सूचना ऐकून आईला हसू आलं. पण केसाने जोडलेल्या लेंड्या, त्यांचं माप, त्यांचा कोरडेपणा यावरून पोटात गेल्या आठवड्यात काय चाललं होतं ते निम्मं कळतं.

दवाखान्यात

पावणेनऊला आले. तापमान 37.6, बाटलीचा थोडा उपयोग झाला होता. हिरड्या फिकट, कातडी चिमटीत धरली तर सावकाश बसत होती, म्हणजे पाणी बरंच कमी झालेलं. निरोगी ससा रोज किलोमागे 50 ते 150 मिलिलिटर पाणी पितो. ही दोन किलोची मादी त्या दिवशी जवळजवळ काहीच प्यायली नव्हती. हृदयाचे ठोके मिनिटाला 170. सशाचे 180 ते 300 असतात, त्यामुळे 170 हा आकडा त्याच्यासाठी मंद.

पहिला प्रश्न अडथळ्याचा. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन साध्या ग्लुकोमीटरवर तपासला: 164 मिलिग्रॅम. आतड्यात अडथळा असलेल्या सशांची साखर बहुधा 360 च्या वर, पुष्कळदा 400 च्याही वर जाते. नुसतं आतडं मंदावलेल्यांची 150 च्या आसपास राहते. माणसांचं यंत्र सशाच्या रक्तासाठी बनवलेलं नाही आणि आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण 164 आणि 400 यांत गोंधळ होत नाही. एका बाजूने काढलेल्या एक्स-रेतही पोट फुग्यासारखं गोल नव्हतं. आत सुकलेल्या अन्नाचा गोळा, त्याभोवती गॅसची कड, आणि मोठ्या आतड्यात गॅस. आतड्याची चाल मंदावली होती, बंद पडण्याच्या बेतात होती, पण वाट मोकळी होती. शस्त्रक्रियेचा विचार तिथे संपला.

मग क्रम महत्त्वाचा. आधी उब आणि कोमट केलेलं सलाईन. त्याबरोबर वेदनाशामक. दुखतंय तोवर ससा खात नाही आणि खात नाही तोवर आतडं चालत नाही, हे चक्र वेदनेच्या जागी तोडावं लागतं. आतड्याला चालना देणारं औषध अडथळा नाही हे कळल्यावर. तापमान 38.4 वर यायला रात्रीचे साडेबारा वाजले. त्यानंतर पहिल्यांदा भरवलं. सशांसाठी तयार मिळणारी भरवण्याची पूड माझ्याकडे त्या वेळी नव्हती, म्हणून त्यांच्याच गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, वाटून, गाळून सिरिंजने दिल्या. तोंडाच्या बाजूच्या फटीतून, थोडं थोडं, प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करून.

मुलगी बाकावर झोपली. वडील बाहेर गाडीत. पहाटे चारच्या सुमारास कपाशीने एक पाय लांब केला. सकाळी साडेनऊला पहिल्या सात लेंड्या पडल्या, बारीक, कोरड्या, वेड्यावाकड्या. त्या पाहून वडिलांनी गावी फोन केला आणि आजीला सांगितलं, "आई, लेंड्या पडल्या." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण ते बराच वेळ हसत होते.

खरं कारण

तब्येत सावरल्यावरच, दुसऱ्या दिवशी दुपारी, कानाच्या तपासणीच्या दुर्बिणीने तोंडात पाहिलं. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचं टोक जिभेत घुसत होतं. तिथे व्रण होता. कडबा टाकून देणं, ओली हनुवटी, चिकटलेल्या मऊ लेंड्या, केळ्यावरचं प्रेम, सगळ्यांचा उगम तिथे होता. आत्याच्या मुलांची बिस्किटं आणि टरबूज हे निमित्त. ते नसतं तर हीच वेळ जूनमध्ये आली असती. उन्हाचाही वाटा होताच: 28-30 अंशांच्या पुढे सशाला त्रास सुरू होतो, तो कमी खातो. पण ऊन हे एकटं कारण असतं, तर ते सकाळी सातला, पडवीत गारवा असताना, सुरू झालं नसतं.

दाढा घासायला पूर्ण भूल आणि योग्य हत्यारं लागतात. पुढचे दात पकडीने तोडणारे लोक आहेत. त्याने दात उभा चिरतो आणि मुळाला गळू होतं. ते कुणीही करू नये, आणि दाढांपर्यंत तर पकड पोचतही नाही. कपाशीला पाच दिवस औषध आणि भरवणं यावर ठेवून ताकद आल्यावर नाशिकला पाठवलं. तिथे दाढा घासल्या गेल्या. त्याच संध्याकाळी तिने स्वतःहून गवत चघळलं.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांना दोष देणं सोपं आहे आणि ते मला पटत नाही. त्या दुपारी त्या घरात जे केलं गेलं, ते गावातल्या नव्व्याण्णव घरांत केलं गेलं असतं. तरी निर्णयाच्या जागा मोजून बघायला हव्यात.

सगळ्यात स्वस्त संधी एप्रिलच्या शेवटी होती. कडबा सोडला त्या आठवड्यात कुणी तोंड तपासून घेतलं असतं, तर रात्रीचा प्रवास टळला असता. ससा मऊ खातो आणि टणक टाकतो, याला मी लाड मानत नाही. दात तपासेपर्यंत तो दातांचा आजार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला वजन केलं असतं तरी घट दिसली असती. पहिल्यांदा दवाखान्यात भरलं ते 1.8 किलो.

दुसरी संधी सकाळी सातची. वाटी भरलेली आणि ट्रे जवळजवळ रिकामा, एवढ्यावर फोन झाला असता तर आम्हाला अकरा तास मिळाले असते. आजारी वाटणाऱ्या सशासमोर मी लोकांना एक साधी परीक्षा करायला सांगतो: त्याचा सगळ्यात आवडता पदार्थ नाकासमोर धरा. कपाशीने त्या सकाळी केळ्याकडे तोंड फिरवलं होतं. भावाने ते पाहिलं होतं आणि ते केळं स्वतः खाल्लं होतं.

तिसरी जागा थर्मामीटरची. तो कपाटात होता. अकरा वाजता वापरला असता तर बर्फ लावला गेला नसता. आणि खरंच ऊन लागलं असतं तरी बर्फाचा झटका योग्य नव्हता. साध्या पाण्याने कान ओले करणं, सावली, हलका वारा आणि लगेच दवाखाना, एवढंच. एकदम गार केलं की कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच कोंडते.

एका गोष्टीवर माझं आणि नाशिकच्या डॉक्टरांचं मत जुळलं नाही. त्यांच्या मते वडिलांनी त्या रात्री थेट नाशिक गाठायला हवं होतं, म्हणजे सगळं एकाच ठिकाणी झालं असतं. 37.3 तापमानाचा ससा आणखी चार-पाच तास गाडीत टिकला असता असं मला वाटत नाही. जवळच्या, थोडं कमी जाणणाऱ्या दवाखान्यात आधी सावरणं आणि मग लांबच्या तज्ज्ञाकडे जाणं, हाच क्रम मी पुन्हा सुचवेन.

सध्याची स्थिती

पडवीत आता कडब्याऐवजी मारवेल आणि हरळीचं गवत सुकवून ठेवलेलं असतं. बांधावर ते भरपूर मिळतं. जाड कडबा नुसता टाकला तर ती ताटं सोडून पानं खाते, म्हणून तो बारीक कापून त्यात मिसळतात. कोवळी हिरवी ज्वारी मात्र द्यायची नाही, गुरांना बाधते ती सशालाही बाधते. लसूणघास थोडाच, कारण त्यातल्या चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने, वाढ पूर्ण झालेल्या सशाची लघवी गढूळ, घट्ट होते. केळं आठवड्याला नखाएवढं. आजींना हे अजून पटलेलं नाही.

दाढांची टोकं एकदा घासली म्हणून संपत नाहीत, परत येतात. दर दोन-तीन महिन्यांनी तोंड तपासायचं ठरलं आहे. ऑगस्टमध्ये एका सकाळी पुन्हा वाटी भरलेली दिसली तेव्हा मुलीने तापमान घेतलं, 38.7 आलं, आणि आठच्या आत फोन केला. त्या वेळी नुसत्या वेदनाशामकावर आणि घरी भरवण्यावर भागलं, संध्याकाळी लेंड्या पडल्या. पावसाळ्यात माशा वाढल्या म्हणून मागचा भाग रोज बघण्याची सवयही तिने लावून घेतली आहे. ओल्या, चिकट केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. ती वेगळी आणीबाणी.

नसबंदीचा निर्णय बाकी आहे. चार वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो, हे मी घरच्यांना सांगितलं आहे. कपाशीला चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत करावी असं माझं मत. वडिलांना पुन्हा भूल देण्याची भीती वाटते, आणि पुढच्या वेळी दाढा घासताना एकाच भुलेत दोन्ही करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे. तिचं वजन 2.1 किलोवर टिकलं तर नाशिकला तसं विचारून बघणार आहोत.